घरात लँडलाइन घेताना: डबीच्या अलीकडचं तुमचं, पलीकडचं कंपनीचं

लँडलाइन आता कोण घेतं, असं म्हणणाऱ्यानं एकदा लातूरच्या आडत बाजारात चक्कर मारावी. मुनीम नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर त्याचा मोबाइल नंबरही जातो, पण दुकानाच्या पाटीवर रंगवलेला नंबर जागचा हलत नाही. घरातही तेच. आजोबांना टच स्क्रीन जमत नाही, आजीला मोबाइल चार्जिंगला लावायचं ध्यानात राहत नाही, आणि पुण्यात नोकरीला असलेल्या पोराला असा एक नंबर हवा असतो जो रात्री ‘स्विच ऑफ’ येणार नाही. त्यात आता इंटरनेटसाठी फायबर, म्हणजे काचेच्या तारेचं कनेक्शन, घेतलं की बरेचदा फोनचा नंबर सोबत मिळतोच. तो पुष्कळ घरांत नुसता पडून असतो, कारण डबा बसवायला आलेल्या पोरानं फोन कुठं लावायचा हे सांगितलेलंच नसतं.

पहिल्यांदाच लँडलाइन घेणाऱ्यांसाठी, किंवा घेऊन कोपऱ्यात ठेवून दिलेल्यांसाठी, हे लिहिलं आहे. दर आणि प्लॅन सारखे बदलतात, त्यामुळे त्यात पडत नाही.

आधी हद्द ओळखा

तांब्याच्या जुन्या पद्धतीच्या लाइनमध्ये दूरध्वनी केंद्रातून, म्हणजे एक्स्चेंजमधून, जाडजूड केबल निघते. ती रस्त्याकडेच्या पिलरमध्ये, म्हणजे मोठ्या जोडपेटीत, येते, तिथून खांबावरच्या किंवा भिंतीवरच्या डीपीत, म्हणजे घरोघरच्या तारा वाटणाऱ्या छोट्या पेटीत, आणि डीपीतून दोन तारांची एक जोडी तुमच्या घराकडे येते. ही जोडी घरात जिथं संपते तिथं एक लहान पांढरी डबी असते. लाइनमन तिला ‘रोझेट’ म्हणतो. या डबीपर्यंतचं सगळं कंपनीचं. डबीतून पुढं निघालेली वायर, जास्तीचे सॉकेट आणि फोन हे सगळं तुमचं.

फायबरमध्ये ही हद्द सरकली आहे. तिथं काचेची बारीक तार घरातल्या एका डब्यात येते, त्याला ओएनटी म्हणतात. लाइट जाताच बंद पडणारा, मिणमिणते दिवे असलेला तो डबा. त्याच्या मागं ‘फोन’ किंवा ‘टेल’ असं लिहिलेली एक-दोन भोकं असतात. त्या भोकाच्या अलीकडचं तुमचं, पलीकडचं कंपनीचं.

पुढं जे काही सांगणार आहे ते सगळं या एका रेषेवर उभं आहे. कोणती तार स्वतः हात लावून नीट करायची, कुठं लाइनमनची वाट पाहायची, कशासाठी पैसे द्यायचे आणि कशासाठी मागितले तर पावती मागायची, याचं उत्तर रेषेच्या बाजूवरून मिळतं. वायरमनला घरी बोलवून दोनशे रुपये दिल्यावर ‘बिघाड बाहेर आहे, कंपनीला सांगा’ हे ऐकण्यापेक्षा आधीच माहीत असलेलं बरं.

अर्ज आणि जोडणी

अर्जाचं काम सोपं आहे: ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, एक फोटो, भाड्याचं घर असेल तर भाडेकरार. नव्या तांब्याच्या लाइनी बऱ्याच ठिकाणी आता देत नाहीत, फायबरच देतात. तुमच्या गल्लीत काय मिळतं ते अर्ज करण्याआधीच विचारा. अर्ज भरताना तीन गोष्टी मात्र बोलून, शक्यतो लिहून घ्या. अनामत रक्कम किती आणि ती परत कशी मिळते. घरात आधीपासून जुना नंबर असेल तर तो फायबरवर तसाच ठेवता येतो का. आणि बसवायला येणारा माणूस ओएनटीपर्यंतच वायर टाकणार की तुमच्या जुन्या डबीपर्यंतही.

महिन्याच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. जाहिरातीतला आकडा बहुधा कराआधीचा असतो.

बसवायला माणूस आला की त्याला लगेच सोडू नका. त्याच्यासमोर तीन कॉल करून पाहा. लँडलाइनवरून तुमच्या मोबाइलला, मोबाइलवरून लँडलाइनला, आणि दुसऱ्या गावच्या एखाद्या लँडलाइनला. पहिल्या कॉलमध्ये मोबाइलवर कोणता नंबर उमटतो तो अर्जावरच्या नंबरशी ताडून बघा. डीपीत जोड्यांची अदलाबदल झाली तर शेजारच्याचा नंबर तुमच्याकडं वाजतो आणि तुमचा त्याच्याकडं. बिलंही मग तशीच फिरतात. दोन मिनिटांत कळणारी गोष्ट आहे. नंबर कळला की एसटीडी कोडसकट कागदावर लिहून फोनच्या खाली चिकटवून टाका. पाहुणे विचारतात तेव्हा घरातल्यालाच आठवत नाही.

दोन तारांत काय चालतं

तारा हातात घेण्याआधी एवढं माहीत असू द्या. तांब्याच्या लाइनवर फोन ठेवलेला असताना साधारण ४८ ते ५० व्होल्टचा डीसी दाब असतो. रिसीव्हर उचलला की तारांतून थोडा प्रवाह वाहू लागतो, एक्स्चेंजला कळतं की कुणीतरी उचललंय, आणि तिकडून डायल टोन सुटतो. उचलल्यावर दाब घसरून दहा व्होल्टच्या आसपास येतो. मल्टीमीटर असेल तर हे स्वतः बघता येतं. एकही रिसीव्हर उचललेला नसताना दाब शून्याजवळ दिसत असेल, तर कुठंतरी दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

घंटी वाजवायला मात्र एक्स्चेंज ७५ व्होल्टच्या आसपासचा एसी पाठवतं. उघड्या तारा धरून बसलात आणि तेवढ्यात कुणाचा फोन आला, तर चांगलाच झटका बसतो. म्हणून डबीत काम करायचं तर बाहेरून येणारी जोडी आधी स्क्रूतून मोकळी करा, तिची दोन टोकं वेगवेगळी टेपनं झाका, मग आतलं काम करा.

लाइट गेली तरी तांब्याचा साधा फोन चालतो, कारण त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून याच तारांवरून येते. कॉर्डलेस फोनला ही सवलत नाही. त्याचा तळ घरच्या विजेवर चालतो.

घरातलं वायरिंग

टेलिफोनची वायर म्हणून जी बारीक, दोन किंवा चार तारांची, पीळ घातलेली तांब्याची वायर मिळते तीच घ्या. इंटरनेटची कॅट केबल उरली असेल तर तिची एक जोडीही उत्तम चालते. बल्बची पातळ वायर वापरू नका. सुरुवातीला चालते, मग खरखर सुरू होते.

लाइटच्या पाइपातून फोनची वायर कधीही ओढू नका. बांधकाम चालू असताना मिस्त्री सहज म्हणतो, ‘एकच पाइप आहे साहेब, त्यातूनच घेतो.’ नाही म्हणा. २३० व्होल्टची वायर खरचटून फोनच्या वायरला लागली तर फोन उचलणाऱ्याच्या कानापर्यंत ती वीज येऊ शकते, आणि तोच दाब खांबावरून शेजाऱ्यांच्या घरातही जाऊ शकतो. वेगळी पट्टी मारा, लाइटच्या पाइपापासून अंतर ठेवा, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

जोड जितके कमी तितकं बरं. दोन तारा पिळून वर टेप गुंडाळणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय उद्योग आहे, पण फोनच्या लाइनला तो सोसत नाही. उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत टेपचा गोंद वितळून सुटतो, पुढं पावसाळ्यात तिथं ओल शिरते, तांबं हिरवं पडतं आणि मग ‘हॅलो, हॅलो, आवाज येईना’ सुरू होतं. जेली भरलेले छोटे कनेक्टर मिळतात, पक्कडीनं दाबले की झालं. एक्स्चेंजचे लोकही तेच वापरतात.

दुसऱ्या खोलीत फोन हवा असेल तर तो समांतर जोडायचा, म्हणजे पहिल्या फोनच्या त्याच दोन स्क्रूंवरून दोन तारा पुढं न्यायच्या. फोनला लागणारी पिन आरजे-११ नावाची. तिच्यात मधल्या दोन तारा कामाच्या. आजच्या फोनला तारांची उलटसुलट चालते, त्यामुळे लाल कुठं आणि पांढरी कुठं याची फार चिंता नको. समांतर जोडलेल्या दोन्ही फोनवर बोलणं ऐकू येतं हे मात्र ध्यानात असू द्या. सासूबाईंच्या खोलीत एक फोन असेल तर जास्तच.

किती फोन समांतर चालतात? प्रत्येक फोनची घंटी लाइनमधून थोडी ताकद ओढते. दोन-तीन फोनपर्यंत काही होत नाही, त्यापुढं घंट्या मिणमिणू लागतात किंवा एखादी वाजतच नाही. ओएनटीच्या भोकातून मिळणारी ताकद एक्स्चेंजपेक्षा कमी असते, तिथं दोनवर थांबा.

जुन्या घरात फायबर आलं तर हे आधी वाचा

जुन्या वाड्यात किंवा बंगल्यात प्रत्येक खोलीत फोनचे सॉकेट आधीपासून आहेत, तांब्याची लाइन बंद झाली, आता फायबर आलं. साहजिकच वाटतं की ओएनटीच्या ‘फोन’ भोकातून एक वायर जुन्या डबीत खुपसली की सगळ्या खोल्यांत फोन चालेल. चालतोही. पण त्याआधी बाहेरून डबीत येणारी जुनी जोडी स्क्रूतून काढून वेगळी केलीच पाहिजे.

लाइन बंद केली म्हणजे तारेत काही उरलं नाही असं समजू नका. कधी एक्स्चेंजकडून दाब चालूच असतो. तो ओएनटीच्या फोन भोकात उलटा शिरला तर ते भोक जळू शकतं, आणि तुमच्या ओएनटीतला आवाज बाहेरच्या तारेवर चढून एक्स्चेंजच्या यंत्रणेला त्रास देतो तो वेगळाच. नियम इथं अगदी सरळ आहे: दोन वेगळ्या लाइनी घरात एकमेकींना जोडायच्या नाहीत. बाहेरची जोडी काढा, टोकं झाका, तिच्यावर ‘जुनी लाइन’ अशी चिठ्ठी बांधा, आणि मगच आतलं वायरिंग ओएनटीला द्या.

अजूनही तांब्यावर जुनं ब्रॉडबँड चालू असेल तर उलट काळजी: प्रत्येक फोनच्या आधी स्प्लिटर किंवा फिल्टर, म्हणजे बोलणं आणि नेट वेगळं करणारी छोटी डबी, हवी. फोन उचलला की नेट तुटतं, किंवा बोलताना मागं शूऽऽ असा आवाज येतो, तिथं कुठल्यातरी खोलीतला फोन फिल्टरशिवाय लावलेला असतो.

फोन कसा निवडावा

भारतात १ ऑक्टोबर २०१९ पासून साधा दोन तारांचा फोन, कॉर्डलेस, मोडेम, फॅक्स आणि खासगी एक्स्चेंज ही उपकरणं दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राच्या, म्हणजे टीईसीच्या, चाचणीतून गेलेलीच विकायची असा नियम आहे. घेताना खोक्यावर टीईसीचा उल्लेख बघा. आखाती देशातून भावानं आणलेला कॉर्डलेस दिसायला भारी असतो, पण त्याची रेडिओ लहर आपल्याकडं त्या कामासाठी मोकळी असेलच असं नाही.

फोनच्या बाजूला किंवा खाली ‘टी’ आणि ‘पी’ असा एक बारीक खटका असतो. टी म्हणजे टोन, पी म्हणजे पल्स. तो टी वर हवा. पी वर राहिला तर बटण दाबल्यावर टकटक आवाज येतो, आणि बँकेच्या ‘मराठीसाठी अमुक दाबा’ला फोन दाद देत नाही. फायबरवर तर पल्सचा फोन बरेचदा नंबर लावतच नाही. त्यामुळे आजोबांचा गोल चकतीचा काळा फोन शोभेला ठेवायचा, वापरायला नाही.

नंबर लावण्याची रीत

नव्या माणसाचा सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. भारतात लँडलाइनचा नंबर एसटीडी कोडसह, सुरुवातीचा शून्य सोडून, दहा अंकी असतो. छत्रपती संभाजीनगरचा कोड ०२४०, म्हणून तिथला नंबर सात अंकी. जालना ०२४८२, परभणी ०२४५२, हिंगोली ०२४५६, नांदेड ०२४६२, लातूर ०२३८२, धाराशिव ०२४७२, बीड ०२४४२. या सगळ्या ठिकाणी नंबर सहा अंकी. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावं बदलली तरी कोड तेच राहिले.

आपल्याच गावातल्या लँडलाइनला कोड न लावता नुसता नंबर. दुसऱ्या कोडच्या गावाला शून्यासकट कोड आणि मग नंबर. जिल्हा एक म्हणजे कोड एक असं मात्र नाही: लातूरहून उदगीरला ०२३८५, बीडहून अंबाजोगाईला ०२४४६ लावावाच लागतो. कोडची हद्द जिल्ह्याची नसून दोन-तीन तालुक्यांच्या, कधी एकाच तालुक्याच्या गटाची असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, ही पद्धत बदलून लँडलाइनवरून लँडलाइनला नेहमीच शून्य आणि कोड लावावा अशी शिफारस केली आहे. कोडसकट नंबर लावायची सवय आतापासून लावून घेतली तर तोटा नाही.

लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावायचा. हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून देशभर आहे. शून्य विसरलात तर तसं सांगणारी ध्वनिफीत ऐकू येते, आणि वडीलधारी मंडळी तेवढं ऐकून ‘फोन बिघडला’ म्हणून ठेवून देतात. फोनच्या मेमरीत नातेवाइकांचे नंबर भरून द्यायचे असतील तर शून्यासकटच भरा.

तातडीला ११२. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळ्यासाठी हाच. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ थेटही लागतो. या नंबरांपुढं शून्य नको.

काय करायचं नाही

डीपी उघडायचा नाही, खांबावर चढायचं नाही, पिलरमधल्या तारा हलवायच्या नाहीत. लाइनमन दोन दिवस येईना म्हणून गल्लीतला हुशार पोरगा डीपीत हात घालतो, तुमचा फोन चालू होतो आणि दुसऱ्या तिघांचा बंद. दूरसंचार यंत्रणेत विनापरवाना ढवळाढवळ करणं आधी १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यानं गुन्हा होता, आता २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं आहे.

घरगुती कनेक्शनची वायर समोरच्या दुकानात किंवा भावकीतल्या दुसऱ्या घरात ओढायची नाही. समांतर फोन त्याच जागेत चालतो, जागा वेगळी झाली की वेगळं कनेक्शन. घरच्या प्लॅनवर दुकानाचा व्यवहार चालवायचा नाही, आणि आपला फोन लोकांना पैसे घेऊन वापरायला द्यायचा नाही. एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या बूथवाल्यांना त्यासाठी रीतसर परवानगी घ्यावी लागत होती.

सगळ्यात गंभीर गोष्ट शेवटी. कुणी येऊन म्हणालं, तुमच्या घरात एक मशीन ठेवू द्या, इंटरनेट आणि फोनची लाइन त्याला जोडू, महिन्याला घरबसल्या भाडं मिळेल, तर दारातूनच परत पाठवा. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल असे गावातल्या लाइनीत किंवा सिममध्ये घुसवले जातात आणि फोन उचलणाऱ्याला स्थानिक नंबर दिसतो. परवान्याशिवाय हे करणं म्हणजे बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज. पोलीस येतात तेव्हा कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याच्याच दारात येतात.

वळीव, वीज आणि उसाच्या ट्रॉल्या

मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी आभाळ काळं होतं आणि पावसाच्या आधी विजा सुरू होतात. खांबावरून घरापर्यंत उघड्यावर आलेली तांब्याची तार असल्या वेळी धोक्याची. जवळपास वीज पडली तरी तारेवर दाबाची लाट येते. एक्स्चेंजमध्ये ती जमिनीत सोडणारी संरक्षक यंत्रणा असते, पण तुमच्या घरच्या टोकाला बहुधा काहीच नसतं.

तेव्हा आभाळ भरून आलं की फोनची पिन डबीतून काढा, आणि ओएनटी किंवा मोडेमचा अडॅप्टरही बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. विजा चालू असताना वायरचा फोन कानाला लावून बोलू नका. कॉर्डलेसचा हातातला भाग किंवा मोबाइल चालेल. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण बाहेरच्या फायबर केबलला आधारासाठी लोखंडी तार जोडलेली असते. ती तार भिंतीबाहेरच हुकाला बांधून संपवायची आणि घरात फक्त फायबर घ्यायचं. बसवणारा ती तशीच आत आणत असेल तर थांबवा.

घराच्या अर्थिंगकडंही एकदा बघा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडून सुकते, आणि सुकल्या मातीत अर्थिंग नावापुरतंच उरतं. मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून दोन बादल्या पाणी ओतत जा. पाण्याचे हाल असतील तिथं भांडी विसळलेलं पाणी चालेल.

विजेपेक्षा जास्त वेळा तार तोडतात त्या उसाच्या ट्रॉल्या. गाळप हंगामात वाढ्यांसकट उंच रचलेला ऊस गल्लीतून जाताना झोळ पडलेली तार ओढत नेतो. कापसाच्या गाड्याही तेच करतात, आणि वानरांना तर तार म्हणजे झोकाच. तार बसवतानाच रस्ता ओलांडणारा भाग नीट ताणून, उंच घ्यायला सांगा. गच्चीवर किंवा छपराच्या कडेला एक लोखंडी पाइप उभा करून ठेवलात तर लाइनमन आनंदानं त्याला तार बांधतो. रस्त्याचं काम निघालं आणि जेसीबी आला की जमिनीखालची केबल तुटणार, हे गृहीतच धरा.

लाइट गेल्यावर फायबरचा फोन बंद पडतो. इन्व्हर्टर असेल तर ओएनटीचा बोर्ड त्याच्यावर घ्या. नसेल तर राउटरसाठीचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. ओएनटीच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघूनच घ्या. घरात दम्याचा किंवा हृदयाचा पेशंट असेल आणि लँडलाइन ११२ साठी ठेवली असेल, तर हा खर्च टाळू नका.

फोन बंद पडला तर

फोन बंद म्हणजे लगेच तक्रार नाही. आधी घरातले सगळे फोन, कॉर्डलेस, मोडेम, फॅक्स लाइनीतून काढा. मग चालू असल्याची खात्री असलेला एकच साधा फोन थेट कंपनीच्या डबीत, किंवा ओएनटीच्या भोकात, लावा. डायल टोन आला तर बिघाड तुमच्या वायरिंगमध्ये. एकेक फोन परत जोडत जा. ज्याच्यावर टोन जाईल तो दोषी. टोन आलाच नाही तर बिघाड पलीकडं, आणि तक्रार करायला तुम्ही मोकळे.

लक्षणांवरूनही बरंच कळतं. पावसानंतरच खरखर येते आणि ऊन पडलं की जाते: बाहेरच्या जोडात ओल. लोक म्हणतात तुमचा फोन सारखा बिझी येतो: कुठल्यातरी खोलीत रिसीव्हर नीट बसलेला नाही, नसेल तर तारा शॉर्ट आहेत. घंटी एकदा वाजून कॉल आपोआप उचलला जातो आणि तुटतो: तारांमध्ये गळती आहे, घंटीचा दाब तारेवर आला की एक्स्चेंजला वाटतं फोन उचलला. बोलता येतं पण घंटी वाजत नाही: आधी फोनच्या खालचा घंटीचा खटका बघा, लहान मुलं तो हमखास बंद करतात. बोलताना दुसऱ्याच कुणाचं बोलणं ऐकू येतं: बाहेर जोड्या एकमेकींना लागल्या आहेत.

फायबरमध्ये ओएनटीवरचा ‘लॉस’ नावाचा दिवा लाल झाला तर प्रकाशच येत नाही, म्हणजे तार तुटली किंवा कुठंतरी जास्त वाकली. पिवळी पातळ वायर कपाटामागं चेंगरली आहे का, खिळ्याला घट्ट गुंडाळली आहे का, ते बघा आणि सैल करा. तिचं टोक उपसून डोळ्यासमोर धरू नका. आतला लेसर दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो. लाल दिवा नाही, नेट चालू आहे आणि फोनच बंद आहे, तर ओएनटी एकदा बंद करून पाच मिनिटांनी चालू करा. तरीही नाही झालं तर नंबरची मांडणी कंपनीला त्यांच्या बाजूनं पुन्हा करावी लागते, तसं सांगा.

तक्रार अशी करा

बिलावर छापलेला टोल-फ्री नंबर मोबाइलमध्ये आधीच साठवून ठेवा, कारण लँडलाइन बंद पडल्यावर लँडलाइनवरून तक्रार करता येत नाही. तक्रार नोंदवली की डॉकेट नंबर मिळतो; तो तारखेसकट लिहून ठेवा. लाइनमनला ओळखीनं मोबाइलवर सांगितलं की काम लवकर होतं हे खरं, पण ते कुठंच नोंदलं जात नाही. दोन्ही करा.

ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही, किंवा न करताच ‘झालं’ म्हणून तक्रार बंद केली, तर ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं तीस दिवसांच्या आत अपील करता येतं. अपिलाला पैसे लागत नाहीत. डॉकेट नंबर इथं कामाला येतो. फोन बरेच दिवस बंद राहिला असेल तर तेवढ्या दिवसांच्या भाड्यात सूट मागा. न मागता क्वचितच मिळते.

नको असलेले फोन

जाहिरातींचे फोन बंद करायला लँडलाइनवरूनही १९०९ ला फोन करून नोंद करता येते. १४० ने सुरू होणारा नंबर म्हणजे जाहिरात. बँका आणि सरकारी कार्यालयांच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ची मालिका आहे.

घरी म्हातारी माणसं एकटी असतील तर एक गोष्ट त्यांना दोनदा सांगा. ‘ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा फोन बंद होणार, अधिक माहितीसाठी ९ दाबा’ असा फोन आला तर काहीही न दाबता ठेवून द्यायचा. ट्राय कुणाचाही फोन बंद करत नाही आणि तसं कळवायला फोनही करत नाही. पुढं पोलिसाच्या वेशातला माणूस व्हिडिओवर येतो आणि ‘डिजिटल अटक’ झाली म्हणून पैसे मागतो. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. जितका उशीर तितकी रक्कम हातची जाते.

नाव, जागा आणि बंद करणं

घर बदललं तर फोन ‘शिफ्ट’ करण्याचा अर्ज द्या. त्याच एक्स्चेंजच्या हद्दीत असाल तर नंबर बहुधा तोच राहतो. ज्यांच्या नावावर फोन होता ते गेले, तर वारसानं मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडून नाव बदलून घ्यावं. गावाकडं पुष्कळ फोन अजून आजोबांच्या नावावर आहेत, आणि अनामत परत मागायची वेळ आली की सगळे चुलते गोळा करावे लागतात.

नको असेल तर बिल थकवून फोन ‘आपोआप’ बंद होऊ देऊ नका. आधी जाणारे कॉल बंद होतात, मग येणारे, मग कनेक्शन. अनामत थकबाकीत वळती होते आणि उरलेल्या रकमेची नोटीस येते. लेखी अर्ज द्या, कंपनीचं यंत्र असेल तर पावती घेऊन परत करा, आणि शेवटचं बिल भरल्याची पावती अनामत खात्यात जमा होईपर्यंत जपून ठेवा. ओएनटी तुम्ही विकत घेतलेला असेल तर तो परत मागणाऱ्याला आधी खरेदीचं बिल दाखवा.